चार आण्याचा रणगाडा, बारा आण्याचा मसाला

रिमोटवर चालणारे रणगाडे ही पोराटोरांची खेळणी राहिलेली नाहीत राव, ती पगारदारांची झालीत! पण स्वस्तातला घेऊन त्याला सजवत बसायचं, की एकदाच दणदणीत पैसे मोजून बड्या ब्रँडचं किट उचलायचं? खिसा, वेळ आणि हौस या तिघांच्या भांडणाची ही गोष्ट.

शुक्रवारची संध्याकाळ. कुठे बसायचं यावर अख्ख्या फ्लोअरवर चर्चा रंगलेली असते. पण तुमच्या रांगेत शेवटच्या क्युबिकलमध्ये बसणारा तो अबोल मुलगा (तोच तो, जो मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही) बरोबर साडेसहाला बॅग उचलतो आणि सटकतो. गर्लफ्रेंड? जिम? छे! तो घरी जाऊन पलंगाखालून एक भलामोठा खोका ओढतो. खोक्यात असतो जर्मन टायगर. दुसऱ्या महायुद्धातला ५७ टनी रणगाडा, एकास सोळा या प्रमाणात. इंजिन गुरगुरतं, मागच्या नळ्यांतून धूर निघतो, टरेट म्हणजे वरचा तोफेचा बुरूज हळूहळू वळतो आणि थेट आईच्या तुळशीच्या कुंडीवर नेम धरतो.

हसू नका. ही हौस वाटते त्यापेक्षा जास्त पसरलीय. आणि तिच्यात शिरणारा प्रत्येक जण पहिल्याच महिन्यात एकाच प्रश्नाला धडकतो. तोच प्रश्न मोबाइल, बाइक, कॅमेरा सगळीकडे आपल्याला पडलेला असतो: स्वस्तातलं घेऊन सुधारत जायचं की चांगलं एकदाच घ्यायचं?

आधी मैदान समजून घेऊ. खरा टायगर तोफेच्या नळीसकट साधारण साडेआठ मीटर लांब. त्याला सोळाने भागलं की अर्ध्या मीटरहून थोडा जास्त भरतो. म्हणजे लॅपटॉपच्या बॅगेत मावत नाही आणि गोदरेजच्या कपाटावर ठेवला तर नळी बाहेर डोकावते. या साइजमध्ये दोन नावं सारखी कानावर पडतात. एक चिनी हेंग लाँग आणि दुसरं जपानी टामिया. हेंग लाँगचा रणगाडा खोक्यातून काढला, बॅटरी चार्ज केली की चालू. रिमोट, आवाज, धूर, सगळं आत. टामियाच्या खोक्यातून मात्र निघतात प्लॅस्टिकच्या फ्रेम्स, स्क्रूच्या पुड्या, मोटरी, गिअर आणि जाडजूड मॅन्युअल. रणगाडा तुम्ही बनवायचा. रंगही तुम्हीच द्यायचा. रिमोट आणि बॅटरी? तेही तुमचं तुम्ही आणायचं.

किमतीतला फरक ऐकून पोटात गोळा येतो. परदेशातल्या दुकानांत हेंग लाँगचं साधं मॉडेल ढोबळमानाने शंभर ते दीडशे डॉलरला मिळतं. टामियाचं आवाज, लाइट आणि तोफेच्या झटक्यासकट येणारं 'फुल ऑप्शन' किट मॉडेलप्रमाणे सात-आठशे डॉलरपासून हजाराच्या आसपास जातं. डॉलरचा आजचा भाव धरा आणि स्वतःच गुणाकार करा. अनेकांचा एका महिन्याचा इन-हँड पगार त्यात बसतो. तोही ईएमआय जायच्या आधीचा!

टामिया एवढा भाव का खातो?

शिझुओका या जपानी शहरात १९४६ मध्ये सुरू झालेली ही कंपनी मुळात लाकडाची वखार होती. लाकडी मॉडेल्स करता करता ती प्लॅस्टिककडे वळली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिने जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं किट काढलं. आज जगभर रणगाड्यांची मॉडेल्स एकास पस्तीस या विचित्र प्रमाणात का बनतात माहितीय? त्या पँथरच्या पोटात गिअरबॉक्स आणि बॅटऱ्या बसवायच्या होत्या. त्या मावतील एवढं अंग धरलं, मागाहून मोजलं तर प्रमाण निघालं पस्तीसच्या जवळपास! म्हणजे बॅटरीच्या साइजने सगळ्या जगाचं माप ठरवलं. कंपनीला जगभर नेणारे शुन्साकु टामिया जुलै २०२५ मध्ये वयाच्या ९० व्या वर्षी गेले, तेव्हा पन्नाशीतले बाप्ये हळवे झाले होते.

एकास सोळातले रिमोटवाले रणगाडे टामियाने सत्तरच्या दशकातच आणले. त्यामुळे ते पैसे घेतात ते नुसत्या नावाचे नाहीत. पार्ट एकमेकांत बसतात म्हणजे बसतातच, घासावं-कापावं लागत नाही. मॅन्युअलमधली प्रत्येक आकृती कळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाल. जॉयस्टिक थोडी ढकलली की रणगाडा थोडाच सरकतो. टरेट मिलिमीटर-मिलिमीटरने वळतो. तोफ डागली की नळी मागे जाते आणि सगळं धूड एक झटका खातं. मोठं जनावर चालताना बघितल्यासारखं वाटतं. आता गंमत ऐका. इतके पैसे घेऊनही टामियाचं बहुतेक अंग एबीएस प्लॅस्टिकचंच असतं! 'महाग म्हणजे लोखंडी' अशी समजूत असेल तर ती दुकानाबाहेर चपलांजवळ काढून ठेवा.

मग स्वस्तातल्यात खोट काय?

खरं सांगायचं तर दिसण्यात फारशी नाही. दहा फुटांवरून हेंग लाँगचा टायगर टायगरच दिसतो. खोट पोटात असते. सर्वांत साध्या आवृत्तीत गिअरबॉक्समधली चक्रं प्लॅस्टिकची. ट्रॅक, म्हणजे चाकांवरून फिरणारे ते पट्टे, प्लॅस्टिकचे. ट्रॅक ओढणारं दातेरी चक्र म्हणजे स्प्रॉकेट, तेही प्लॅस्टिकचं. जुन्या मॉडेल्समध्ये तर कंट्रोलही 'सगळं किंवा काहीच नाही' असा. गुळगुळीत लादीवर हे सगळं मजेत चालतं. पण गच्चीवरच्या खडीत, सोसायटीच्या लॉनवर किंवा एखाद्या दगडावर चढवायला जा, गिअरचे दात कटकट वाजायला लागतात. ती कटकट एकदा ऐकली की रात्री झोप लागत नाही.

आणि इथेच घोडं पेंड खातं. कारण बाजारात प्रत्येक पार्टची धातूची आवृत्ती मिळते. तैगेन, माटो अशी नावं त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. स्टीलचा गिअरबॉक्स, धातूचे ट्रॅक, धातूची चाकं, टरेट फिरवायची यंत्रणा, नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड... मेनूकार्डच म्हणा ना!

मगरपट्ट्यात नोकरी करणारा माझा एक मित्र या मेनूकार्डात असा अडकला की विचारू नका. अमेरिकेहून येणाऱ्या चुलतभावाच्या बॅगेतून त्याने साधा टायगर आणवला. बारा हजारांत काम झालं म्हणून स्वारी खुशीत होती. पहिल्या दोन वीकएण्डनंतर त्याला वाटलं, धातूचे ट्रॅक लावले तर काय भारी दिसेल! लावले. दिसलाही भारी. पण धातूचे ट्रॅक वजनदार. तेवढं वजन ओढायला आतला प्लॅस्टिकचा गिअरबॉक्स तयार नव्हता. तिसऱ्या दिवशी डावीकडचे दात साफ. उजवी बाजू ठणठणीत. म्हणजे रणगाडा जागच्या जागी गोल गोल, तेल्याच्या घाण्याचा बैल!

मग स्टीलचा गिअरबॉक्स आला. तोपर्यंत धातूच्या ट्रॅकने प्लॅस्टिकचं स्प्रॉकेट खायला सुरुवात केली होती, म्हणून धातूचं स्प्रॉकेट आलं, आणि पुढच्या-मागच्या टोकाचं ट्रॅक ताणून धरणारं चाक, आयडलर, तेही आलं. आता एवढं लोखंड ओढायला मोटरी जास्त करंट खेचणार, त्यामुळे जुना बोर्ड तापायला लागला. नवा बोर्ड. मग सगळंच धातूचं आहे तर मधली चाकं तरी प्लॅस्टिकची का ठेवायची? ती पण मागवली. प्रत्येक पार्सल वेगळं, प्रत्येकाचं शिपिंग वेगळं, प्रत्येकावर कस्टमचा दांडका वेगळा.

तो आयटीवाला असल्यामुळे त्याने एक्सेल शीट ठेवली होती. एका रात्री त्याने मला ती दाखवली, बायको झोपल्यावर. रणगाडा १२,०००. गिअरबॉक्स ५,५००. ट्रॅक ७,०००. स्प्रॉकेट आणि आयडलर ३,५००. चाकं ८,०००. बोर्ड ७,५००. शिपिंग आणि ड्युटी मिळून ९,५००. बेरीज ५३,०००. 'बायकोला किती सांगितलंस?' मी विचारलं. 'तिला हप्त्याहप्त्याने सांगतोय,' तो म्हणाला. 'सध्या वीस हजारांपर्यंत आलोय.'

त्या महिन्यात त्यांच्या प्रोजेक्टमधून लोक कमी करणार अशी कुजबुज होती आणि घराच्या कर्जाचा दर नुकताच वाढला होता. त्यामुळे ते एक्सेल तेवढं विनोदी राहिलं नाही. टायगर त्याने विकला नाही, पण उरलेल्या विशलिस्टवर कुलूप लागलं आणि पन्नास हजारांचा खरा आकडा बायकोच्या कानावर एका संध्याकाळी एकदमच गेला. चार दिवस घरात फक्त रणगाड्याच्या इंजिनाचा आवाज येत होता म्हणे. आता नव्या पार्टची ऑर्डर द्यायची तर आधी तिच्याशी बोलायचं, असा तह झालाय. पुढच्या वर्षीचं बजेट तिनेच ठरवलंय.

कस्टम नावाचा तिसरा खेळाडू

आपल्याकडे या हिशोबात एक जास्तीची ओळ लिहावी लागते. खेळण्यांवरची मूळ आयात ड्युटी २०२० च्या बजेटमध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला. देशी खेळणीवाल्यांना याचा फायदा झाला असेल, पण हौशी मंडळींच्या दुकानांतली शेल्फं त्यानंतर बरीच विरळ झाली. तुमचं पार्सल खेळणं म्हणून मोजलं जातं, पार्ट म्हणून की वैयक्तिक आयात म्हणून, त्यावर रक्कम बदलते. म्हणून ऑर्डर देताना मनात मूळ किमतीपेक्षा बरीच जास्त रक्कम धरून चाला. कमी लागले तर सोन्याहून पिवळं. लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंधनं असतात, तेव्हा ती मागवूच नका. ती इथे लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांमध्ये शोधा. मोटरी, कनेक्टर, वायर, सोल्डरिंगचं सामानही तिथेच.

आता यावरून एक गोष्ट उघड होते. अपग्रेडचा रस्ता अमेरिकेत किंवा जर्मनीत जेवढा स्वस्त वाटतो तेवढा तो पुण्या-मुंबईत नाही. तिथला माणूस आज गिअरबॉक्स, दिवाळीच्या बोनसला ट्रॅक असं हळूहळू घेऊ शकतो. आपल्याला प्रत्येक हप्त्यावर वेगळी खंडणी भरावी लागते.

म्हणूनच माझं मत, कुणाला पटो न पटो: ज्याला चालवण्यात रस आहे त्याने साधं मॉडेलही घेऊ नये आणि टामियाकडेही बघू नये. हेंग लाँग स्वतःच कारखान्यात स्टील गिअरबॉक्स आणि धातूचे ट्रॅक बसवलेल्या आवृत्त्या विकते. साध्याच्या साधारण दुप्पट किमतीत त्या मिळतात. तेच पार्ट सुटे घेतले तर जास्त पडतात, हे वरच्या एक्सेलमध्ये दिसलंच. एकच पार्सल, एकच ड्युटी, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात न घेता खडीवर चालणारा रणगाडा. ऑर्डर देताना फक्त 'मेटल' हा शब्द बघून भुलू नका. कशाकशाला मेटल म्हणतायत ते ओळीने वाचा. कधी नुसते ट्रॅक धातूचे असतात आणि गिअर मात्र प्लॅस्टिकचे. मगरपट्ट्याचा प्रयोग पुन्हा करायची गरज नाही.

ज्यांनी आधीच साधं मॉडेल घेऊन ठेवलंय त्यांच्यासाठी एवढंच: पहिला गिअरबॉक्स, मग बाकी सगळं. गिअरबॉक्स घेताना शाफ्टची लांबी आपल्या मॉडेलची आहे ना हे तपासा, कारण वेगवेगळ्या रणगाड्यांना वेगवेगळी लागते. गिअर रेशो तीनास एक, चारास एक, पाचास एक असे मिळतात. आकडा मोठा तसा वेग कमी आणि ताकद जास्त. मोठ्या आकड्याकडेच जा. खरा टायगर रस्त्यावर फार तर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास धावायचा. त्याला सोळाने भागलं की अडीच किलोमीटर होतात, म्हणजे जेवणानंतर शतपावली करणाऱ्या आजोबांचा वेग. फर्ररर करून पळणारा रणगाडा कितीही महाग असो, झुरळासारखा दिसतो.

वजनाचं गणित तर याहून मजेशीर. लांबी सोळा पट कमी झाली की वजन सोळाच्या घनाने, म्हणजे ४०९६ पटीने कमी होतं. ५७ टनांच्या टायगरचं एकास सोळातलं 'खरं' वजन १४ किलोच्या आसपास यायला हवं. प्लॅस्टिकचा रणगाडा तीनेक किलोंचा असतो. म्हणून तो दगडावरून जाताना उड्या मारतो, खऱ्यासारखा डुलत नाही. धातूचे पार्ट लावणाऱ्यांचं वेड निव्वळ दिखाऊ नाही ते यामुळे. वजन वाढलं की सस्पेन्शन दबतं, ट्रॅक वरच्या बाजूला जरासा लोंबतो आणि चाल बदलते. थोड्या पैशात हा इफेक्ट हवा असेल तर गाडीच्या चाकांना बॅलन्सिंगसाठी लावतात ती वजनं टायरवाल्याकडून आणा आणि तळाला चिकटवा. अर्थात गिअरबॉक्स स्टीलचा असेल तरच!

डोंबिवलीतला कारखाना

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. बँकेत नोकरी करणारी आणि रोज डोंबिवली ते फोर्ट अशी लोकलची लढाई लढणारी एक मैत्रीण. तिने दोन वर्षं बाजूला टाकलेल्या पैशांतून टामियाचं फुल ऑप्शन किट घेतलं. घरात अर्थातच हलकल्लोळ. 'एवढ्यात दोन तोळे...' वगैरे आईने सुरू केलं, पण सोन्याचा आजचा भाव आठवून तिनेच वाक्य अर्धवट सोडलं.

तिचे बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. रिटायर झाल्यावर पेपर, टीव्ही, औषधं आणि खिडकी एवढंच उरलेलं. किटचा खोका उघडला त्या रात्री त्यांनी नुसती लांबून नजर टाकली. दुसऱ्या रात्री ती गिअरबॉक्सच्या पानावर अडली होती, तेव्हा मागून आवाज आला, 'अगं, तो शिम आधी घाल. नाहीतर गिअर घासेल.' मॅन्युअलमध्ये जपानी आणि इंग्रजी असलं तरी आकृत्या त्यांना लख्ख कळत होत्या. असेंब्ली ड्रॉइंग कुठल्याही भाषेत सारखंच असतं ना!

त्यानंतर रोज रात्री साडेनऊ ते अकरा डायनिंग टेबल बंद. ती लोकलमधून दमून यायची तोवर बाबांनी उद्याचे स्क्रू वाट्यांमध्ये लावून ठेवलेले असायचे. पोह्यांच्या वाट्या! चारेक महिने ते काम चाललं. रंग द्यायला तिने एअरब्रश भाड्याने आणला, पण मळका, वापरलेला लूक आणायला बाबांनी जी युक्ती काढली ती कुठल्याही महागड्या बाटलीत मिळत नाही. गंजाच्या रंगाचा सॉफ्ट पेस्टल खडू ब्लेडने खरवडायचा आणि कोरड्या ब्रशने कोपऱ्यांत भरायचा. कडांवर पेन्सिलचं शिसं घासलं की झिजलेल्या पोलादाची चमक.

तिचा रणगाडा महिन्यातून एखाद्याच वेळी चालतो. जपून, चटईवर. माझ्या मगरपट्टेवाल्या मित्राला हे ऐकवलं तर तो कपाळावर हात मारतो, 'एवढे पैसे घालून चालवायचा नाही?' पण तिने चालवायला घेतलाच नव्हता तो. तिने घेतल्या होत्या शंभरएक संध्याकाळी. त्या संध्याकाळी दोघांच्या होतील हे किटच्या खोक्यावर लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

हा फरक लक्षात घेतला की निम्मा वाद संपतो. टामिया हे बनवणाऱ्याचं किट आहे. ज्याला शनिवारी दुपारी गच्चीवर मित्रांसमोर तोफ डागायचीय त्याने ते घेतलं तर अर्धवट जोडलेलं धूड माळ्यावर जाणार. अशी अर्धवट किट्स सेकंड हँड बाजारात दिसतात, आणि ती घेणं वाईट नाही. फक्त कंट्रोल युनिट आणि गिअरबॉक्सची पुडी जागेवर आहे ना ते फोटोत बघून घ्या. ते दोन पार्ट हरवले तर उरतो तो महागडा शोपीस.

स्क्रू ड्रायव्हरवाल्यांचा पंथ

एक तिसरी जमातही आहे. तिला ना चालवायचंय ना रंगवायचंय. तिला आतलं सगळं उपसून आपलं घालायचंय. कुठल्याही स्वस्त सांगाड्यात बसेल असे बोर्ड हाँगकाँगची क्लार्क बनवते, जर्मनीत एलमोड नावाचा बोर्ड प्रसिद्ध आहे. आणि कोडिंगची खाज असलेल्यांसाठी ओपन पँझर नावाचा अख्खा ओपन सोर्स प्रकल्प आहे. आर्डुइनोच्या घराण्यातला कंट्रोलर, सर्किटचा आराखडा खुला, प्रोग्रॅम खुला. दिवसभर क्लायंटचा कोड लिहून रात्री रणगाड्याचा कोड लिहिणारे लोक आहेत, आणि दुसऱ्या कोडमध्ये बग सापडला तर ते खूश होतात!

या पंथासाठी मात्र स्वस्तातलं साधं मॉडेलच योग्य. पोटातलं सगळं फेकायचंच असेल तर महागडं पोट कशाला विकत घ्यायचं? म्हणजे बघा, बारा आण्याचा मसाला वाईट नाही, मसाल्याचीच हौस असेल तर.

लढाईचं एक सांगायलाच हवं. युरोप-अमेरिकेत क्लबवाले मैदान आखून इन्फ्रारेडवर लढाया खेळतात. टीव्हीच्या रिमोटसारखा किरण सुटतो, समोरच्या रणगाड्याचा सेन्सर तो पकडतो, तो झटका खातो आणि मार खाऊन खाऊन शेवटी बंद पडतो. या खेळाची पद्धत टामियाने रुळवली. म्हणून ग्रुपने एकत्र खरेदी करणार असाल तर सगळ्यांचे बोर्ड एकमेकांचा किरण ओळखतात का ते आधी विचारा. नाहीतर दोन वाघ समोरासमोर उभे आणि दोघेही बहिरे. हेंग लाँगच्या बऱ्याच रणगाड्यांतून सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्याही सुटतात. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर त्या भानगडीत न पडता इन्फ्रारेडच बरं. डोळे आहेत, खेळ नाही.

कुठला रणगाडा घ्यायचा? सगळे टायगरच घेतात, म्हणून तुम्हीही घ्या असं नाही. हेंग लाँगकडे टी-७२ आणि टी-९० सुद्धा आहेत, म्हणजे आपल्या लष्करातले 'अजेय' आणि 'भीष्म'. वाळवंटी पिवळ्यावर हिरवे पट्टे मारायला कॅम्लिनचे अॅक्रिलिक चालतात. फक्त आधी प्रायमरचा हात द्या, नाहीतर नखाने सोलून निघतील. खरे रणगाडे कसे गंजतात, कसे झिजतात, वेल्डिंगची रेघ कशी दिसते ते बघायचं तर पुण्याहून सकाळी निघून अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला जा. लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम तिथे १९९४ पासून आहे. १९६५ च्या युद्धातला पाकिस्तानी पॅटन, आपला विजयंता, सेंचुरियन आणि चक्क रोल्स रॉइसची चिलखती गाडी! पन्नास फोटो काढा. घरी रंग देताना त्यातला प्रत्येक उपयोगी पडतो.

चालवायला जागा? पावसाळ्यात काळ्या मातीत नेऊ नका. ती ट्रॅकमध्ये अशी बसते की जुना टूथब्रश घेऊन रविवार जातो. लाल मुरूम उत्तम. आणि दिवाळीत बिल्डिंगखाली पोरं किल्ला करतात तिथे नेलात तर तुमच्यासारखा हिरो नाही. मावळे, बुरूज, खंदक आणि खिंडीतून वर चढणारा टायगर. इतिहासाचे मास्तर बेशुद्ध पडतील, पण पोरांना चालतं.

चालवून झाल्यावर दहा मिनिटं द्या. चाकांच्या आसाला केस गुंडाळलेले असतात, ते चिमट्याने काढा. घरात लांब केसांचं कुणी असेल तर फारच. गिअरला पांढरं लिथियम ग्रीस बोटाच्या पेराएवढं पुरतं, शिलाई मशिनचं तेल ओतू नका. बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचं नाही, आणि रणगाडा महिनाभर कपाटावर जाणार असेल तर तिचा प्लग काढून ठेवा. स्विच बंद असला तरी.